कष्टकऱ्यांच्या बोलीतला संपादक : अब्राहम कहान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अब्राहम कहान हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे नसेल. समाजवादी चळवळीच्या इतिहासाची जी पुस्तके आपण वाचतो, त्यांत परिषदा असतात, ठराव असतात, फाटाफुटी तर असतातच असतात. पण चळवळीचे वर्तमानपत्र चालविणाऱ्या माणसाच्या वाट्याला तेथे सहसा एखादी तळटीप येते. न्यूयॉर्क शहरात यिद्दिश भाषेत निघणाऱ्या 'फॉरव्हर्ट्स' या समाजवादी दैनिकाचे संपादन कहान यांनी चार दशकांहून अधिक काळ केले, आणि १९२० च्या दशकात त्याचा खप दोन लाखांच्या पुढे नेला. परभाषेच्या देशात, निर्वासितांच्या वस्तीत, शिवणकाम करणाऱ्या मजुरांच्या पैशावर हे घडले. या लाखो वाचकांपैकी समाजवादी किती झाले आणि किती राहिले, हा प्रश्न आरंभीच मांडून ठेवतो. कारण कहान यांची सर्वांत मोठी कादंबरी याच प्रश्नाभोवती उभी आहे, आणि मला आज मुख्यतः तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

कहान यांचा जन्म १८६० साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील आणि आजच्या लिथुआनियातील विल्ना शहरानजीकच्या एका खेड्यात झाला. आजोबा धर्मगुरू, वडील हिब्रू शिकविणारे पंतोजी. घरात धर्मग्रंथांचे पठण आणि दारिद्र्य, दोन्ही वंशपरंपरेने आलेले. मुलगा मात्र रशियन शिकला, आणि विल्न्यात ज्यू शिक्षकांसाठी सरकारने चालविलेल्या अध्यापक विद्यालयात दाखल झाला. ज्यूंच्या मुलांना रशियन वळण लावणारे निष्ठावंत शिक्षक तयार करावेत, हा झारशाहीचा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात तेथील विद्यार्थी रात्री बंदी घातलेली पत्रके वाचीत. सत्तेने नोकरांसाठी काढलेल्या शाळेतून बंडखोर बाहेर पडावेत, हा अनुभव आपल्या देशालाही नवा नाही.

१८८१ साली कहान पदवी घेऊन वेलिझ या गावी सरकारी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी क्रांतिकारकांनी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या केली. त्यानंतर दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, लूट आणि जाळपोळ झाली, आणि ज्यांच्या ज्यांच्यावर संशय होता त्यांच्या घरांचे झडतीसत्र सुरू झाले. क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरणाऱ्या या तरुण शिक्षकाने सरहद्द ओलांडली. अमेरिकेत सामुदायिक शेतीच्या वसाहती वसविण्याचे स्वप्न घेऊन निघालेल्या एका ज्यू तरुणांच्या गटाबरोबर १८८२ च्या जून महिन्यात ते अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. वय एकवीस. शेतीचे स्वप्न बाजूला राहिले. न्यूयॉर्कमध्ये आधी सिगारच्या आणि मग पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात त्यांनी मजुरी केली.

आता ज्या प्रसंगापासून त्यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले, तो सांगतो. अमेरिकेत आल्यास काही आठवडे झाले असतील नसतील, तोच ते समाजवाद्यांच्या एका सभेला गेले. सभा ज्यू निर्वासित मजुरांत प्रचार करण्यासाठी होती. वक्ते विद्वान होते, आणि भाषणे रशियन व जर्मन भाषांत झाली. मजूर बोलत होते यिद्दिश. कहान यांनी साधा प्रश्न केला : ज्यांच्यासाठी बोलता, त्यांच्या भाषेत का बोलत नाही? या सूचनेने मंडळींची करमणूक झाली. यिद्दिश ही स्वयंपाकघराची, बाजाराची, आयाबायांची बोली. तीत समाजवाद सांगावयाचा म्हणजे थट्टाच. एवढे वाटते तर तुम्हीच बोला, असे त्यांना सांगण्यात आले. कहान बोलले. एका जर्मन दारूगुत्त्यामागच्या सभागृहात, हस्तपत्रके वाटून जमविलेल्या श्रोत्यांपुढे, वर्ग म्हणजे काय आणि वरकड मूल्य म्हणजे काय हे त्यांनी आईच्या भाषेत सांगितले. अमेरिकेतील यिद्दिशमधले हे पहिले समाजवादी भाषण, असे इतिहासकार मानतात.

आपल्याकडील अभ्यासवर्गांत 'उत्पादनसंबंधांचे वैचारिक अधिष्ठान' असल्या शब्दप्रयोगांवर माना डोलतात आणि मागच्या रांगेतला साथी घड्याळाकडे पाहतो. तेव्हा हा प्रसंग केवळ न्यूयॉर्कचा म्हणून ऐकू नये.

इकडे यिद्दिशमध्ये भाषणे देणारा हा गृहस्थ स्वतः इंग्रजी शिकण्यासाठी काय करीत होता? तो एका सरकारी प्राथमिक शाळेत लहान मुलांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला! पदवीधर शिक्षक, मिशा फुटलेला. पण उच्चार मुलांकडूनच नीट कळतात, असा त्याचा हिशेब. लवकरच कहान स्वतः इंग्रजीचे शिक्षक झाले. दिवसभर यंत्रावर वाकलेले शिंपी रात्री गॅसच्या उजेडात त्यांच्यासमोर पाट्या घेऊन बसत. हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. पुढच्या आयुष्यात पत्रकार म्हणून आणि कथाकार म्हणून त्यांनी जे केले त्याची घडण या रात्रशाळेत झाली, असे माझे मत आहे. थकलेल्या माणसाला किती वेळ लक्ष देता येते, कोणत्या शब्दाशी तो अडखळतो, कोणत्या उदाहरणाने त्याचा चेहरा उजळतो, हे वर्गात उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

शिक्षक, संपादक आणि कथाकार ही तीन कामे एकाच हयातीत म्हटल्यावर आपल्यापुढे अमळनेरच्या शाळेतले आणि 'साधने'चे साने गुरुजी उभे राहतात. साम्य आहे, पण स्वभाव निराळा. गुरुजींची लेखणी मायेने ओथंबलेली. कहान यांची कोरडी, चिकित्सक, प्रसंगी निर्दय. त्यांचे साहित्यातील दैवत टॉलस्टॉय, आणि आहे ते आहे तसे दाखविणे हीच लेखकाची नीती, ही त्यांची धारणा.

१८९० साली न्यूयॉर्कच्या ज्यू समाजवाद्यांनी 'आर्बेटर त्साइटुंग', म्हणजे कामगारांचे वृत्तपत्र, काढले, आणि लवकरच कहान त्याचे संपादक झाले. त्यातले त्यांचे एक सदर विलक्षण गाजले. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात दर शनिवारी धर्मग्रंथाचा ठरलेला भाग वाचतात, आणि गावोगाव हिंडणारे प्रवचनकार त्यावर निरूपण करतात. हे प्रवचनकार म्हणजे आपले कीर्तनकारच समजा. कहान यांनी 'श्रमजीवी प्रवचनकार' असे टोपणनाव घेतले. पूर्वरंगाला आठवड्याचे धर्मवचन, उत्तररंगात संप. मोझेसने सहा दिवस काम करा असे सांगितले, यावरून निरूपण असे, की मालकाला सहा दिवसांपेक्षा जास्त राबवू देऊ नका! वाचकाला ही चाल पाळण्यापासून पाठ असल्यामुळे आशय सरळ आत जाई. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज उचलून आपले जलसे उभे केले, त्यामागचा विचार याहून वेगळा नव्हता. शुद्ध नास्तिक मंडळींनी कहान यांच्यावर टीका केली. कहान यांनी सदर चालू ठेवले.

याच काळात ते इंग्रजीत कथा लिहू लागले. १८९५ साली त्यांची पहिली इंग्रजी कथा छापून आली. ती वाचून विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या अमेरिकेतील सर्वांत वजनदार साहित्यिकाने त्यांना मोठे लेखन करण्यास प्रवृत्त केले. त्यातून १८९६ साली 'येकल' ही लघुकादंबरी निघाली. येकल हा शिंपी. बायको-मुलाला मायदेशी ठेवून तो एकटा न्यूयॉर्कला आला आहे. येथे तो 'जेक' झाला, मुष्टियुद्धाच्या गप्पा मारू लागला, नृत्यवर्गांत पोरींबरोबर नाचू लागला. मग बायको गिटल येते. डोक्यावर धर्माचाराप्रमाणे केसांचा टोप, वागणे खेडवळ, बोलणे खेडवळ. आणि जेकला तिची लाज वाटू लागते. अखेर घटस्फोट होतो, आणि जेकला सोडवून घेण्यासाठी त्याची मैत्रीण आपल्या साठविलेल्या पैशातून गिटलला रक्कम देते. त्या पैशातून गिटल आणि तिच्याशी लग्न करू पाहणारा अभ्यासू भाडेकरू किराणा दुकान टाकण्याचा विचार करतात. जेक नव्या लग्नासाठी ट्राममधून निघतो तो मात्र जिंकलेल्या माणसासारखा नव्हे. बस्स, एवढीच गोष्ट. या कादंबरीतली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. पात्रे यिद्दिश बोलतात तेव्हा कहान ती भाषा नीट, स्वच्छ इंग्रजीत देतात. पण त्या यिद्दिशमध्ये ती जे मोडकेतोडके इंग्रजी शब्द घुसडतात, ते तसेच मोडके, वेगळ्या ठशात छापतात. म्हणजे स्वतःच्या भाषेत हा माणूस धडधाकट आहे, आणि ज्या भाषेमुळे तो स्वतःला सुधारलेला समजतो, त्याच भाषेत तो पांगळा दिसतो. शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणाला हे सुचले नसते. १९७५ साली जोन मिकलिन सिल्व्हर या दिग्दर्शिकेने या कथेवर 'हेस्टर स्ट्रीट' हा चित्रपट काढला. तो कोणा चित्रपट मंडळात दाखविला गेला तर चुकवू नका.

१८९७ साली 'फॉरव्हर्ट्स' सुरू झाले आणि कहान त्याचे पहिले संपादक झाले; पण सहकाऱ्यांशी न पटल्याने काही महिन्यांतच बाहेर पडले. पुढली चार वर्षे त्यांनी 'कमर्शिअल अॅडव्हर्टायझर' या इंग्रजी दैनिकात बातमीदारी केली. तेथे लिंकन स्टेफन्स यांच्या हाताखाली पोलीस कचेरी, न्यायालये, आगी, खून, निवडणुका हे सारे त्यांनी पाहिले. पक्षाच्या पत्रकाराने थोडा काळ बाजारी वृत्तपत्रात उमेदवारी करावी काय, हा वादाचा मुद्दा आहे. कहान यांचा मात्र त्यात फायदाच झाला. वाचक पैसे देऊन काय विकत घेतो, हे त्यांना तेथे कळले.

१९०३ मध्ये ते 'फॉरव्हर्ट्स'मध्ये कायमचे परतले आणि पत्राचा चेहरामोहरा पालटला. क्लिष्ट सिद्धान्तलेख मागे गेले, वाक्ये आखूड झाली. आरंभीच्याच एका लेखात त्यांनी आयांना सांगितले, की मुलाच्या खिशात रुमाल ठेवा. पक्षात गहजब उडाला. नाक पुसण्याचा आणि समाजवादाचा काय संबंध? समाजवाद स्वच्छ नाकाच्या विरोधात कधीपासून गेला, असा कहान यांचा उलट सवाल होता. १९०९ साली त्यांनी बेसबॉलचा खेळ आकृती काढून समजावून दिला, कारण मुले रस्त्यावर काय खेळतात हे बापांना उमजत नव्हते.

१९०६ च्या जानेवारीत 'बिंटल ब्रीफ', म्हणजे पत्रांचा गठ्ठा, हे सदर सुरू झाले. वाचक आपली दुःखे लिहून पाठवीत आणि संपादक उत्तर देई. ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून लिहवून घेत. नवऱ्याने टाकलेली बाई, संपफोड्याच्या मुलीवर प्रेम करणारा संपकरी, नास्तिक झालेला मुलगा आणि मंदिरात जाणारा बाप. बायका-मुलांना टाकून परागंदा झालेल्या नवऱ्यांची छायाचित्रेच 'फॉरव्हर्ट्स' छापू लागले. विद्वानांनी या सगळ्याला सवंग म्हटले. मला ते सवंग वाटत नाही. चाळीवजा इमारतीच्या अंधाऱ्या खोलीत भाडेकरूंच्या खाटांमध्ये संसार मांडलेल्या बाईला, आपली अडचण छापण्यालायक आहे, हे प्रथम या पत्राने सांगितले. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारे कामगार आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या खोलीची कल्पना यावी.

आणि हेच पत्र संपाच्या वेळी पाय रोवून उभे राहत असे. १९०९ च्या नोव्हेंबरात शर्टवेस्ट शिवणाऱ्या हजारो मुलींनी संप केला, तेव्हा कूपर युनियनच्या सभेत क्लारा लेमलिक या तरुण कामगार मुलीने यिद्दिशमध्येच सार्वत्रिक संपाची हाक दिली. सत्तावीस वर्षांपूर्वी जी भाषा सभेला शोभत नाही असे विद्वानांना वाटले होते, तीच ही. १९११ च्या मार्चमध्ये ट्रँगल कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्या वस्तीचा आक्रोश 'फॉरव्हर्ट्स'च्या पानांतून उमटला. १९१२ मध्ये ईस्ट ब्रॉडवेवर पत्राची दहा मजली इमारत उभी राहिली, तिच्या दर्शनी भागावर मार्क्स आणि एंगल्स यांचे मुखवटे कोरलेले. १९१४ साली याच वस्तीने मेयर लंडन या समाजवाद्याला अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून पाठविले.

कहान यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. संपादक म्हणून ते हुकूमशहा होते. लेखकांचे लेख हवे तसे कापीत. शोलेम अॅश यांच्यासारख्या मोठ्या यिद्दिश कादंबरीकाराने येशू ख्रिस्तावर कादंबरी लिहिली, तेव्हा 'फॉरव्हर्ट्स'ची दारे त्यांना बंद झाली. यिद्दिशमध्ये इंग्रजी शब्दांची खैरात करून त्यांनी भाषा बिघडविली, हा आरोपही पूर्ण खोटा नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर सरकारने टपालाची सवलत काढून घेण्याचा धाक घातला, आणि पत्राने युद्धविरोधी सूर आवरता घेतला. दैनिक वाचविण्यासाठी हे करावे लागले, असे समर्थन केले जाते. तुरुंगात गेलेल्या युजीन डेब्ज यांच्या शेजारी ठेवले की ते समर्थन फिके पडते. रशियन क्रांतीचे त्यांनी प्रथम स्वागत केले, आणि १९२० च्या दशकातच तिचे कठोर टीकाकार झाले. येथे मात्र त्यांची नजर पुष्कळ समकालीनांपेक्षा स्वच्छ होती, असे मला वाटते. १९३६ मध्ये त्यांच्या गटाने रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला.

पण या साऱ्याहून खोल असा एक पेच आहे. 'फॉरव्हर्ट्स' वाचकाला त्याच्या भाषेत अमेरिका शिकवीत होते. तो जितका चांगला शिकेल तितका यिद्दिशपासून दूर जाणार. त्याची मुले इंग्रजी वर्तमानपत्र घेणार. आणि वस्तीतून बाहेर पडून बऱ्या मोहल्ल्यात राहावयास गेलेला माणूस संघटनेचे कार्डही बहुधा मागेच ठेवणार. म्हणजे आपल्या यशानेच आपला वाचक गमवावयाचा. हे कहान यांना कळत होते काय? अग्रलेखांत त्याची खूण फारशी सापडत नाही. कादंबरीत सापडते.

'द राइज ऑफ डेव्हिड लेविन्स्की' ही ती कादंबरी. तिचा जन्मही गंमतीचा. १९१३ साली 'मॅक्लुअर्स' मासिकाला तयार कपड्यांच्या धंद्यात ज्यूंनी मिळविलेल्या यशावर लेख हवे होते. कहान यांनी लेखांऐवजी एका धनिकाचे काल्पनिक आत्मचरित्र लिहून दिले, आणि पुढे ते वाढवून १९१७ मध्ये पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक केले. लेविन्स्की हा धर्मपाठशाळेतला अनाथ, गरीब विद्यार्थी. त्याच्या आईचा गावगुंडांच्या हातून अंत झालेला. खिशात चार सेंट घेऊन तो अमेरिकेत उतरतो. महाविद्यालयात जाण्यासाठी पैसे साठवावेत म्हणून शिवणकाम शिकतो, आणि त्या कामातूनच बायकांचे कोट बनविणारा कारखानदार होतो. महाविद्यालय राहूनच जाते. पुस्तकाच्या प्रारंभीच तो आपल्याला सांगतो, की माझ्याजवळ वीस लाख डॉलरांहून अधिक मालमत्ता आहे, आणि तरीही आतून काही बदललेले नाही.

तो यशस्वी कसा होतो, हे कहान यांनी धंद्याच्या बारकाव्यांसह दाखविले आहे. एखाद्या अर्थशास्त्रज्ञाच्या पुस्तकात ते मिळणार नाही. लेविन्स्की आपल्या गावचे, जुन्या वळणाचे, धर्मनिष्ठ शिंपी निवडून कामावर घेतो. त्यांना शनिवारची धार्मिक सुट्टी देतो, गावकऱ्यांच्या मंडळाला वर्गणी देतो, आणि त्या उपकाराखाली त्यांना कमी पैशांत व संघटनेपासून दूर ठेवतो. संघटनेचे दर कागदावर मान्य, प्रत्यक्षात मजुरी कमी. आणि मजूरही त्यात सामील. गाववाला म्हणून नोकरी लावणारा, आणि म्हणूनच तोंड उघडू न देणारा! मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर ज्यांना आठवतो, त्यांना या प्रकरणाचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. स्पेन्सर आणि डार्विन वाचून लेविन्स्की स्वतःची समजूत घालतो, की जो टिकला तो लायक. आणि ज्या बेंडर मास्तरांकडे तो रात्रशाळेत इंग्रजी शिकला, तेच पुढे त्याच्या पेढीवर नोकरीला येतात. दहा वर्षे रात्रशाळेत शिकविलेल्या लेखकाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घ्या.

पुस्तक निघाले तेव्हा काही ज्यू वाचक रागावले. शत्रूंच्या हाती कोलीत दिले, असे ते म्हणाले. समाजवाद्यांपैकीही काहींना, नायक कामगार का नाही, असे वाटले. या दुसऱ्या आक्षेपाचा मी पुष्कळ विचार केला. समाजवादी दैनिकाचा संपादक, त्याने कारखानदाराच्या तोंडून पाचशे पाने बोलावे, आणि तेही इतक्या सहानुभूतीने? मला उत्तर असे दिसते, की कहान यांना आपल्याच वाचकातला लेविन्स्की ओळखीचा होता. किंबहुना स्वतःतलाही. तेही धर्मपठणाच्या घरातून निघालेले; तेही मोठ्या पेढीचे धनी, कारण 'फॉरव्हर्ट्स' ही पेढीच झाली होती; त्यांनाही रशियातला तो झडतीच्या भीतीने पळालेला तरुण परका वाटू लागला असावा. अग्रलेखात मालक हा शत्रू असतो आणि तेवढ्याने काम भागते. कादंबरीत तो काल बाकावर शेजारी बसलेला शिंपी निघतो.

१९१७ नंतर कहान यांनी कादंबरी लिहिली नाही. पाच खंडांचे आत्मचरित्र यिद्दिशमध्ये लिहिले, पत्र चालविले, आणि १९५१ साली ते वारले. 'फॉरव्हर्ट्स' १९८३ मध्ये साप्ताहिक झाले. ईस्ट ब्रॉडवेवरची ती इमारत पत्राने पुढे सोडली, आणि कालांतराने तिच्यात श्रीमंतांचे महागडे फ्लॅट झाले. दर्शनी भागावरचे मार्क्स-एंगल्स त्यांच्या दरवाजावर अद्याप आहेत.

अभ्यासवर्गाच्या पुढील बैठकीसाठी 'येकल' घ्यावी, अशी माझी सूचना आहे. ती लहान आहे, आणि कोणीतरी तिचा मराठीत सारांश करून आणल्यास इंग्रजी न येणाऱ्या साथींनाही चर्चेत भाग घेता येईल. 'लेविन्स्की' मोठी आहे, ती दोघातिघांनी वाटून वाचावी. संघटनेचे काम करणाऱ्यांनी संपाची आणि गावकऱ्यांच्या कारखान्याची प्रकरणे आधी वाचली तरी चालेल.